शालेय ग्रंथालयातील संगणकांचा जीर्णोद्धार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने थांबविला, आणि ज्या ज्या शाळेच्या ग्रंथालयात त्या प्रणालीवर चालणारा संगणक आहे, त्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे व ग्रंथपालांपुढे, त्यांना त्याची वार्ता असो वा नसो, एक प्रश्न येऊन उभा राहिला. हा प्रश्न पहिल्यानेच उभा राहिला असेही नाही. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली होती. त्या दोन्ही प्रसंगी पुष्कळ ठिकाणी काय घडले, हे शालेय कारभाराशी परिचय असणारास सांगावयास नको. संगणक चालत होते, म्हणून ते चालू ठेवण्यात आले. आणि पुढे केव्हातरी एखाद्या सरकारी योजनेतून अथवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून नवे संगणक आले, तेव्हा जुने संगणक, त्यांच्या पोटात साठलेल्या पुस्तकांच्या सर्व नोंदींसह, अडगळीच्या खोलीत जाऊन पडले.

नूतनीकरण म्हणजे खरेदी, अशी जी समजूत आपल्या शिक्षणसंस्थांत रूढ होऊन बसली आहे, तिच्यामुळे शालेय ग्रंथालयांची जितकी हानी झाली तितकी निधीच्या टंचाईनेही झाली नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तुतः खरेदी ही या कामात सर्वांत शेवटी यावयास हवी. पुस्तकांच्या नोंदी सुरक्षित झाल्या, भिंतींवरील तारा तपासून झाल्या, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या कामास पुरेशी आहे याचा निर्णय झाला, म्हणजे मग नवे काय घ्यावयाचे हे आपोआप ठरते, आणि ते बहुधा पूर्वी वाटले होते त्यापेक्षा पुष्कळच थोडे निघते.

आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे, आणि घोटाळा होतो तो येथेच. ऑपरेटिंग सिस्टीम ही कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते. एवढ्या विस्तीर्ण रचनेत उणिवा राहणे अपरिहार्य असल्यामुळे तिचे निर्माते त्या सापडतील तसतशा बुजवीत असतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करण्याचा शिरस्ता आहे. मुदत संपल्यावर उणिवा सापडत राहतात, दुरुस्त्या मात्र येईनाशा होतात. एवढेच नव्हे, तर नव्या आवृत्तीसाठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीत कोणते दार उघडे आहे याची बातमी दुष्ट हेतूने पाहणारास देत असते, कारण दोन्ही आवृत्त्यांचा पाया पुष्कळसा एकच असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाचा एक खंडणीखोर प्रोग्रॅम त्या दिवशी विंडोजच्या फाइल-देवघेवीच्या यंत्रणेतील एका उणिवेतून शिरून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपण होऊन पसरत गेला, मिळेल त्या संगणकातील फाइली कुलूपबंद करून त्याने पैशाची मागणी केली, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कित्येक रुग्णालयांना त्यामुळे रुग्णांना परत पाठवावे लागले. मुदत संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला त्या वेळी अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. पण या प्रकरणातील अधिक विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ती उणीव बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच प्रसृत झालेली होती, आणि बाधित संगणकांपैकी फार मोठा भाग विंडोज ७ चा, म्हणजे त्या वेळी मुदतीत असलेल्या प्रणालीचा होता. दुरुस्ती दारात येऊन दोन महिने उभी होती आणि तिला कोणी आत घेतले नाही. सारांश, नवी आवृत्ती विकत घेतल्याने सुरक्षितता येत नाही. ती दरमहा नेमाने करावयाच्या कामातून येते, आणि ते काम कोणाकडे सोपविले आहे हे शाळेच्या कामवाटपाच्या तक्त्यात लिहिलेले असावे लागते.

आता ग्रंथालयाकडे वळू. आपल्या प्रत्येक शालेय ग्रंथालयात एक मोठी, रेघा आखलेली, कापडी बांधणीची दाखल नोंदवही असते. तीत दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे, किंमत, बिलाचा क्रमांक, वर्गांक आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. शेऱ्याच्या रकान्यात कोठे 'गहाळ', कोठे 'निर्लेखित', कोठे 'बांधणीस दिले' अशी अक्षरे वेगवेगळ्या शाईत आणि वेगवेगळ्या हातांनी उमटलेली असतात. पन्नास-साठ वर्षांच्या अवधीत चार-पाच ग्रंथपालांनी केलेल्या श्रमाचे हे दप्तर होय. जेथे या नोंदी संगणकावर चढविण्यात आल्या, तेथे ते काम कोणा अर्धवेळ ग्रंथपालाने, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत बसून, एकेक पुस्तक हातात घेऊन केलेले आहे. आणि तरीही लेखापरीक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर मौज अशी नव्हे, तर खेद असा की, संगणकाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, त्याच्या खुर्चीची होते, पंख्याची होते. पण त्या संगणकातील आठ-दहा हजार नोंदींची नोंद मात्र कोठेच होत नाही. ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारी कोणावर नाही, आणि म्हणूनच निर्लेखनाच्या वेळी त्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

यास्तव, कोणतीही नवी वस्तू मागविण्यापूर्वी, आज या नोंदी कोठे आणि कोणत्या स्वरूपात आहेत हे पाहिले पाहिजे. भारतात पुष्कळ ग्रंथालयांनी संगणकीकरणास प्रारंभ केला तो युनेस्कोने विनामूल्य दिलेल्या सीडीएस/आयसिस या आज्ञावलीवर. पुढे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' आले, काही खासगी आज्ञावल्या आल्या, आणि जेथे यांपैकी काहीच पोहोचले नाही तेथे एक्सेलच्या तक्त्यावर भागविण्यात आले. यांपैकी कोठूनही नोंदी बाहेर काढता येतात. ग्रंथालयांच्या जगात आयएसओ २७०९ नावाचे देवघेवीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि नोंदीची घडण कशी असावी हे सांगणारे मार्क २१ नावाचे दुसरे प्रमाण आहे. या दुसऱ्या प्रमाणात प्रमुख लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये आणि ड्यूईचा वर्गांक ०८२ मध्ये लिहितात. एवढे पाळले की एका आज्ञावलीतून दुसरीत जाताना मराठी कादंबऱ्यांचा ८९१.४६३ हा वर्गांक किमतीच्या रकान्यात जाऊन पडत नाही. जी आज्ञावली नोंदी बाहेर काढून देण्यास नकार देते, अथवा त्यासाठी वेगळे शुल्क मागते, ती ग्रंथालयास योग्य नव्हे. विक्रेत्याशी करार करताना हे एक कलम लेखी स्वरूपात घालून घेतलेच पाहिजे.

परंतु मराठी ग्रंथालयापुढे याहूनही बिकट असा एक प्रश्न असतो, आणि तो लिपीचा आहे. युनिकोड ही जागतिक संकेतपद्धती १९९१ पासून अस्तित्वात असली, तरी सर्वसामान्य संगणकांवर तिचा मराठीसाठी नित्य वापर होऊ लागण्यास बराच काळ जावा लागला. मधल्या काळात आपल्याकडील टंकलेखन पुण्याच्या सी-डॅकच्या 'योगेश', 'सुरेख' अशा फाँटांवर, श्री-लिपीवर किंवा आकृतीवर होत असे. या फाँटांची युक्ती अशी होती की, संगणकाच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरे व चिन्हेच साठविलेली असत. फक्त ती पडद्यावर दाखविताना त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे कोठे काना, कोठे अर्धा क, कोठे रफार, असे दाखविले जात. त्या काळी याहून निराळा मार्ग नव्हता, आणि त्या युक्तीने मराठी मुद्रणावर फार मोठे उपकार केले यात संशय नाही. पण जेव्हा तो फाँट नसलेल्या नव्या संगणकावर ती फाइल उघडली जाते, तेव्हा सगळा पुस्तकसंग्रह अर्थहीन रोमन चिन्हांच्या रांगा होऊन समोर येतो. नोंदी नष्ट झाल्या असे समजून त्या पुसून टाकण्याची बुद्धी अशा वेळी अनेकांना होते. ती आवरावी. त्या नोंदी नष्ट झालेल्या नसतात. कोणता फाँट वापरला होता हे कळले, की तद्विषयक परिवर्तक वापरून त्यांचे युनिकोडात रूपांतर करता येते. म्हणूनच जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्याच्यातील फाँटांची संपूर्ण यादी आणि त्या फाँटांच्या फाइली काढून ठेवणे, हे नोंदी काढून ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

रूपांतर झाले म्हणजे काम संपले असेही समजू नये. 'दऱ्याखोऱ्यांतून' असे एखादे शीर्षक घ्या. त्यातील ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडात किमान तीन प्रकारांनी साठविता येते. ऱ या वर्णास षोडशमान पद्धतीत ०९३१ असा स्वतंत्र क्रमांक आहे, त्यापुढे हलन्त आणि य असा एक प्रकार; साधा र, म्हणजे ०९३०, आणि त्याखाली नुक्ता देऊन पुढे तेच, असा दुसरा; आणि साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह व शेवटी य, असा तिसरा. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पण विद्यार्थ्याने शोधाच्या चौकटीत पहिल्या प्रकाराने शब्द टंकित केला आणि नोंद तिसऱ्या प्रकाराने साठविलेली असली, तर पुस्तक समोरच्या कपाटात असूनही 'सापडले नाही' असे उत्तर त्याला मिळू शकते, आणि पुन्हा शोधण्याच्या खटपटीत तो पडत नाही. ॲ या अक्षराचीही अशीच गत आहे; त्यास स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्यामुळे तत्पूर्वीच्या नोंदींत ते अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी साधलेले असते. यावर उपाय एकच: रूपांतराच्या वेळीच सर्व नोंदी एका ठरावीक प्रकारात आणाव्यात, आणि तो प्रकार कोणता हे लिहून ठेवावे. वर्णक्रमाचीही तीच कथा. केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार यादी लावली तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो आणि 'क्षितिज' हे क च्या पोटात जाऊन बसते; आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर शिकविले जातात. मराठीचा वर्णक्रम जाणणारी मांडणी निवडता येते, फक्त ती निवडावी लागते. ही कामे कोणी संगणक-विक्रेता करून देणार नाही. ती मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाची कामे आहेत, आणि भाषाशिक्षकाने त्यास या कामी साहाय्य केले तर ती उत्तम होतील.

नोंदी शुद्ध झाल्यावर त्या ठेवावयाच्या कोठे, या प्रश्नाचे एक उत्तर न्यूझीलंडमधील लेव्हिन या लहानशा गावाने पंचवीस वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे. तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली सन २००० उजाडताच निकामी होणार होती, कारण वर्षाचा आकडा दोनच अंकांत साठविण्याचा दोष तिच्यात होता. बाजारातील तयार प्रणाली विकत घेण्याऐवजी न्यासाने १९९९ मध्ये कॅटिपो नावाच्या एका कंपनीकडून नवी प्रणाली लिहवून घेतली, ३ जानेवारी २००० रोजी ती कार्यान्वित झाली, आणि पुढे न्यासाने ती मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. हीच 'कोहा' होय. आज भारतातील कित्येक महाविद्यालये व विद्यापीठे ती वापरीत आहेत, आणि एखाद्या साध्या पण सुस्थितीतील संगणकावर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घालून शाळेचा आठ-दहा हजार पुस्तकांचा संग्रह तिच्यात सहज मावतो. मराठी शोध नीट चालावा म्हणून तिच्या अनुक्रमणिकेत आयसीयू ही बहुभाषिक व्यवस्था चालू करावी लागते; हे एक पाऊल राहून गेले, तर कोहाला मराठी येत नाही असा चुकीचा ग्रह होतो. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालयही आपल्या चौथ्या आवृत्तीत महाजालावर चालणारे झाले आहे, आणि ज्या शाळेस स्वतःचा सर्व्हर सांभाळणारे मनुष्यबळ नाही तिने तोही पर्याय पाहावा.

या दोहोंचा एक लाभ असा की, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. म्हणजे वाचनकक्षातील संगणकावर केवळ एक अद्ययावत ब्राउझर चालला की पुरे; त्याखाली विंडोज आहे की लिनक्स, यास फारसे महत्त्व उरत नाही. पुस्तकांवरील बारकोड वाचणारे उपकरणसुद्धा संगणकास कळफलकच वाटते, म्हणून तेही कोठेही चालते. अडचण आली तर बहुधा छपाईयंत्राची येते, यासाठी ओळखपत्रे व पुस्तकांची लेबले छापणारे यंत्र नव्या प्रणालीवर आधी चालवून पाहावे आणि मगच पुढील निर्णय करावा.

आता तारांविषयी. संगणक मंद चालतो, अशी तक्रार आली की दोष बहुधा संगणकाच्या माथी मारला जातो; पण ज्या शाळेत जाळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाकले गेले, तेथे अपराधी पुष्कळदा भिंतीवरील पट्टीत दडलेला असतो. जाळ्याच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोन अशा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरून, म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकमधून किंवा शेजारच्या विजेच्या तारेतून, जो उपद्रव येतो तो पिळलेल्या जोडीच्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. पलीकडील टोक दोन तारांमधील फरक तेवढा वाचत असल्यामुळे दोहोंवर सारखा पडलेला उपद्रव वजा होऊन जातो. म्हणूनच टोकाला जोडणी करताना तेरा मिलिमीटरांहून अधिक पीळ उलगडू नये असा दंडक आहे.

जोडणी करताना तारांचा क्रम असा ठेवतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. येथे हिरव्या जोडीच्या दोन तारा फाकवून त्यांच्या मध्ये निळी जोडी बसविलेली दिसते, आणि अननुभवी कारागिरास हे विचित्र वाटून तो रंगांच्या जोड्या ओळीने एकापुढे एक बसवितो. दोन्ही टोकांस क्रम सारखाच असल्यामुळे दिव्यांचा साधा परीक्षक जोडला तर आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम बिनचूक झाले असा निर्वाळा मिळतो. प्रत्यक्षात तिसऱ्या व सहाव्या खुंटीवर, ज्या एका जोडीच्या असावयास हव्यात, त्या आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा आलेल्या असतात. पिळाचा सर्व फायदा तेथे नाहीसा होतो, आणि तार लांब असली की संदेश मधूनमधून बिघडू लागतात. संगणक ते पुनःपुन्हा मागवितो, आणि आपल्याला तो मंद वाटतो. केबलचे टोक उजेडात धरून आठ रंग वाचावयास अर्धे मिनिट लागते; एवढ्या तपासणीने पुष्कळ ठिकाणी नव्या संगणकांची मागणीच रद्द होईल.

जुन्या, सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाच्या जाळ्यास आठांपैकी चारच तारा लागत. गिगाबिट वेगास आठही लागतात. त्यामुळे पूर्वी काटकसरीने चारच तारा जोडून ठेवलेल्या असतील, तर नवा गिगाबिट स्विच आणूनही वेग वाढत नाही. शिवाय बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींतील तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. नखाने वा पात्याने खरवडली की आतून पांढरी निघते. ती घेऊ नये. केबलची लांबी जोड-तारांसह शंभर मीटरांच्या आत ठेवावी, ती विजेच्या तारांपासून दूर ओढावी, आणि मुख्य इमारतीतून मैदानापलीकडच्या इमारतीत जाळे न्यावयाचे असेल तर तेथे तांब्याची तार कधीही टाकू नये. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये विद्युत्दाबाचा फरक असू शकतो, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की त्या तारेच्या दोन्ही टोकांची उपकरणे एकदम जळतात. तेथे प्रकाशतंतूच हवा. काचेतून वीज वाहत नाही. ज्या शाळेत अद्याप जुना हब असेल तिने तो काढून स्विच लावावा, कारण हब एकाचा संदेश सर्वांकडे फेकतो आणि स्विच तो ज्याचा त्याला नेऊन देतो.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या निवडीविषयी मला थोडक्यातच सांगावयाचे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि सामान्यतः २०१७ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या संगणकांवर ती अधिकृतपणे बसत नाही. विंडोज १० साठी संस्थांना शुल्क भरून काही काळ दुरुस्त्या मिळविता येतात, पण तो मुदतवाढीचा प्रकार झाला. यापेक्षा जुन्या संगणकाची फिरती हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविणे आणि त्यावर लिनक्स घालणे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. फिरती डिस्क सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या सुईखाली येण्यास सरासरीने चार मिलिसेकंद आणि सुई योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी तितकेच किंवा अधिक, असा वेळ प्रत्येक लहान वाचनास जातो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम फिरत्या डिस्कपेक्षा कित्येक पटींनी लवकर होते, आणि मोडीत काढण्यास निघालेला संगणक नव्याने कामास येतो. लिनक्स शाळेत चालेल काय, ही शंका आता शिल्लक राहू नये. केरळात २००१ साली सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये 'काइट' या सरकारी कंपनीचे रूप घेतलेल्या 'आयटी ॲट स्कूल' उपक्रमाने राज्यातील सरकारी शाळांत मुक्त प्रणालीच रुजविली, शिक्षकांनीच शिक्षकांना ती शिकविली, आणि उबुंटूवर आधारलेली त्यांची स्वतःची आवृत्ती आज तेथील लक्षावधी मुले वापरतात. आपल्याकडे सी-डॅकचे 'बॉस' आहे, त्याची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. जेथे संगणक फारच जुने आहेत तेथे एलटीएसपी या व्यवस्थेने एकाच सर्व्हरवरून ते सर्व चालविता येतात, आणि दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते. विंडोजवरच चालणारी एखादी आज्ञावली कार्यालयास अपरिहार्य असेल, तर तेवढा एक संगणक विंडोज ११ वर ठेवण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रणालीत सारखीच पाळावी लागते. वाचनकक्षात मुले ज्या संगणकांवर बसतात ते, आणि ज्यात निकालपत्रके व वेतनबिले असतात ते कार्यालयाचे संगणक, एकाच जाळ्यावर उघडे ठेवू नयेत. मध्यम प्रतीच्या स्विचवरही ही दोन जाळी वेगळी करता येतात. आणि कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले, ही माहिती त्या मुलाची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे. पण कायदा नसता तरीही, आपल्या शरीराविषयी, घरातील व्यसनाविषयी किंवा मनातील भीतीविषयी पुस्तक शोधणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची ती नोंद कोणीही सहज पाहू नये, हे ग्रंथपालाच्या धर्मास धरूनच आहे. पुस्तक परत आल्यावर देवघेवीच्या जुन्या नोंदींतून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय कोहात आहे. ती वापरावी. एकच पासवर्ड सर्व शिक्षकांत फिरविण्याची प्रथाही बंद करावी.

राहता राहिला बॅकअप. बॅकअप घेतला, असे पुष्कळजण सांगतात. पण घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर परत चढवून, त्यातील पहिली, मधली आणि शेवटची नोंद दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली, असे सांगणारे विरळा. परत चढवून न पाहिलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. एक प्रत शाळेत, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर असावी. कारण ज्या पुराने किंवा आगीने संगणक जाईल त्यानेच शेजारच्या कपाटातील पेनड्राइव्हही जाईल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली, कोल्हापूर, महाड व चिपळूण येथील लोकांनी पाणी किती उंच चढते हे पाहिले आहे. या कामास वर्षाला जो खर्च येतो तो एका चांगल्या शब्दकोशाच्या किमतीहून फार नाही, आणि तो अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र शीर्षाखाली दाखविला तर तो मंजूर न करणारी शालेय समिती क्वचितच आढळेल.

मुख्याध्यापकांना आणि शालेय समितीच्या सभासदांना माझी विनंती एवढीच आहे, की नव्या संगणकांची दरपत्रके मागविण्यापूर्वी त्यांनी आपल्या ग्रंथपालास सर्व नोंदी युनिकोडात बाहेर काढण्यासाठी उन्हाळी सुट्टीतील मोबदल्यासह पंधरा दिवस द्यावेत, आणि त्या नोंदींची संख्या, दिनांक व प्रती ठेवल्याची ठिकाणे जडवस्तू संग्रह नोंदवहीत, संगणकाच्या नोंदीखालीच, लिहवून घेऊन तेथे स्वतःची स्वाक्षरी करावी.